स्तनाची पुनर्रचना : स्नायूखाली की स्नायूवर?

कर्करोगामुळे स्तन काढून टाकावा लागला, तरी शस्त्रक्रियेने त्याची पुनर्रचना करता येते. १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे स्तनासाठी सिलिकोनची पिशवी प्रथम वापरण्यात आली. पुनर्रचनेत ही पिशवी प्रारंभी थेट त्वचेखाली ठेवीत. मात्र पातळ त्वचेतून ती उघडी पडे, तिच्याभोवती कठीण आवरणही तयार होई. म्हणून शल्यविशारद ती छातीच्या स्नायूखाली ठेवू लागले. त्वचेला आधार मिळाला. परंतु वेदना वाढल्या आणि स्नायू आवळताच स्तनाचा आकार बदलू लागला.

अलीकडे पुन्हा स्नायूवरील पद्धतीकडे कल वाढला आहे. पिशवीला आधार म्हणून बहुधा प्रक्रिया केलेल्या त्वचेचे आच्छादन देतात. या पद्धतीत स्नायू अबाधित राहतो व वेदना सामान्यतः कमी होतात. मात्र पिशवीच्या सुरकुत्या बाहेरून दिसण्याचा संभव अधिक. त्यासाठी उरलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा उत्तम हवा. तो साशंक असल्यास दोन टप्प्यांचा मार्ग बरा : प्रथम तात्पुरती पिशवी बसवून तीत मिठाचे पाणी क्रमाक्रमाने भरावयाचे, त्वचा पुरेशी ताणली की कायमची पिशवी घालावयाची. एकाच टप्प्यात काम उरकल्यास दुसरी शस्त्रक्रिया बहुधा टळते.

किरणोपचार, धूम्रपान व अनियंत्रित मधुमेह यांमुळे दोन्ही पद्धतींत धोका वाढतो. शिवाय कोणतीही पिशवी आजन्म टिकेलच असे नाही. सर्वांना सारखीच लागू पडेल अशी पद्धत नसल्याने, स्तन काढण्यापूर्वीच कर्करोगतज्ज्ञ व प्लॅस्टिक सर्जन या दोघांशी विचारविनिमय करणे हिताचे. पुनर्रचना करावी की नाही, हा निर्णय मात्र सर्वस्वी त्या स्त्रीचाच होय.