दगडावरील नावे

यहोशवाच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडून गेल्यावर तिच्या पात्रातील बारा धोंडे उचलून गिलगाल येथे उभे करण्यात आले. हेतू हा की, पुढे मुलांनी ते पाहून वडिलांस प्रश्न करावा आणि वडिलांनी झालेली हकीकत त्यांस सांगावी. स्मारकाचा खरा अर्थ या लहानशा प्रसंगात सामावला आहे. दगड स्वतः बोलत नाही. तो केवळ प्रश्न उभा करतो. उत्तर देणारे माणूस जवळ असेल तरच स्मारक पुरे होते. अमेरिकेतील एका शेतकरी मुलखाचे उदाहरण घेऊन हीच गोष्ट आमच्या बालवाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

अमेरिकेच्या पूर्व भागात व्हर्जिनिया नावाचे राज्य आहे. कारभाराच्या सोयीसाठी त्याचे जे विभाग पाडले आहेत त्यांस 'काउंटी' म्हणतात. आपल्याकडील जिल्ह्याशी त्यांची तुलना करता येईल. ब्लू रिज नामक डोंगररांगेच्या पायथ्याशी बेडफर्ड ही अशीच एक काउंटी, १७५४ साली स्थापन झालेली. शेते, कुरणे आणि विरळ वस्ती असा हा प्रदेश असून, त्याच नावाचे एक लहानसे गाव तिचे मुख्य ठाणे आहे.

व्हर्जिनियात १९२७ सालापासून हमरस्त्यांच्या कडेला इतिहासाच्या पाट्या उभारण्याची पद्धत पडली. खांबावर बसविलेली ओतीव धातूची पाटी, रुपेरी पृष्ठभाग आणि त्यावर काळी अक्षरे, असे तिचे रूप असते. आज त्या राज्यात अशा अडीच हजारांहून अधिक पाट्या आहेत. प्रारंभी सेनापती, लढाया आणि थोरामोठ्यांचे वाडे यांसच त्यांवर अधिक स्थान मिळाले. गुलामगिरीत राबलेल्या लोकांची आठवण बऱ्याच उशिराने झाली. याच काउंटीत टॉमस जेफर्सन यांनी १८०६ साली 'पॉप्लर फॉरेस्ट' नावाचे अष्टकोनी घर बांधावयास घेतले. जेफर्सन यांचे नाव जगास ठाऊक आहे. परंतु तेथील शेतीत ज्या गुलामांचा घाम गळला त्यांची नावे कितीकांस ठाऊक असतील? पाटी वाचताना तीवर काय लिहिले आहे याबरोबरच काय लिहिलेले नाही, हेही पाहावे लागते.

आता युद्धस्मारकाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मंदीचे दिवस होते. गावोगावचे तरुण 'नॅशनल गार्ड' नावाच्या राखीव सैन्यात दाखल होत. कवायतीच्या दर खेपेस एक डॉलर मिळे, तोही घरास आधार वाटे. एका गावची मुले बहुधा एकाच तुकडीत भरती होत. बेडफर्डची मुले अशा रीतीने ११६ व्या पायदळ रेजिमेंटच्या 'ए' कंपनीत होती. सोबत्यास सोबती भेटावा म्हणून जी रीत चांगली, तीच पुढे गावावर अनर्थ ओढवण्यास कारण झाली. ६ जून १९४४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, ओमाहा नाव दिलेल्या भागात, ही कंपनी पहिल्याच लाटेत उतरली आणि समोरच्या गोळीबारात बहुतांशी कापली गेली. बेडफर्डची लोकवस्ती त्या वेळी सुमारे ३,२००; आणि या कंपनीतील तिचे १९ पुत्र त्या एका दिवसात पडले.

गावास कित्येक आठवडे काहीच कळले नाही. १७ जुलै रोजी सकाळी तेथील औषधाच्या दुकानातील तारयंत्र सुरू झाले, आणि एकामागून एक मृत्यूच्या तारा येऊ लागल्या.

होबॅक नावाच्या शेतकरी कुटुंबास लागोपाठ दोन तारा आल्या. बेडफर्ड आणि रेमंड, दोघे सख्खे भाऊ, एकाच दिवशी गेले होते. रेमंडचे शव सापडले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरून जाणाऱ्या एका अनोळखी सैनिकास वाळूत एक बायबल दिसले. ते आईने १९३८ सालच्या नाताळात रेमंडला दिलेले होते आणि आत तसे लिहिलेले होते. त्या सैनिकाने ते पत्रासह त्या माउलीकडे पाठविले. पुत्र परत आला नाही. परंतु त्याचे नाव लिहिलेले पुस्तक परत आले. या भावांची धाकटी बहीण त्या वेळी शाळकरी वयाची होती. पुढे अनेक वर्षे ती ही हकीकत लोकांस सांगत राहिली.

१९५४ साली गावच्या न्यायकचेरीसमोर या शिपायांची नावे कोरलेली शिळा बसविण्यात आली. ६ जून २००१ रोजी बेडफर्ड येथेच त्या दिवसाच्या राष्ट्रीय स्मारकाचे समर्पण झाले. तेथील कमान ४४ फूट ६ इंच उंच असून तेवढ्यात '६-६-४४' हा दिनांक सूचित केला आहे. परंतु त्याहून मोलाचे काम निराळेच आहे. त्या दिवशी दोस्त सैन्याचे नक्की किती लोक पडले याची पुरती यादी पूर्वी कोणाजवळही नव्हती. तेथील संशोधकांनी वर्षानुवर्षे कागदपत्रे धुंडाळून ४,४०० हून अधिक नावे निश्चित केली आणि ती कांस्य धातूच्या पत्र्यांवर लाविली. केवळ अमेरिकनांचीच नव्हेत, तर सोबत लढलेल्या इतर राष्ट्रांच्या सैनिकांचीही.

हे वाचताना आपल्याकडील काही गावांतील एक लहान पाटी आठवते. पहिल्या महायुद्धानंतर बसविलेल्या त्या पाटीवर, या गावातून इतके लोक युद्धास गेले व त्यांपैकी इतके कामी आले, एवढेच असते. आकडा आहे; नाव नाही. मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मराठ्यांच्या तीन पलटणी अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि अनेकांनी कैदेत प्राण सोडला. पुढे बसरा येथे जे मोठे स्मारक झाले त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची बहुतांशी केवळ संख्या लिहिण्यात आली. युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाने २०२१ साली हा भेद उघड मान्य केला. ज्या आईचा पुत्र तेथे पडला तिच्यासाठी तो आकडा नव्हता.

विद्यार्थ्यांनो, सुटीत घरी जाल तेव्हा गावच्या चावडीपाशी, वेशीत किंवा शाळेच्या भिंतीत अशी एखादी पाटी आहे का, पाहा. असल्यास धूळ पुसून अक्षरे वाचा आणि घरातील वृद्धांस विचारा, त्या आकड्यातील माणसे कोण होती, कोणाच्या घरची होती. पालकांस विनंती की, मुलांनी विचारले असता वेळ नाही म्हणून त्यांस परतवू नये. सांगितलेले नाव वहीत उतरवून ठेवा. प्रभू आपल्या प्रत्येक मेंढरास नावाने हाक मारतो अशी आपली श्रद्धा आहे. मग आपणच आपल्या माणसांस आकड्यांत का सोडावे?