पदर सांगतो ते संवाद सांगत नाही

'आई कुठे काय करते' ही मालिका रोज बघितलेल्यांनो, तिचे जुने भाग एकदा आवाज बंद करून फक्त कपड्यांसाठी बघा! २०१९ च्या अखेरीस मालिका सुरू झाली तेव्हाची नायिका अरुंधती आठवा: साधी घरगुती साडी, गळ्यात मंगळसूत्र, स्वतःकडे बघायला सवड नसलेली बाई. समोर तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातली टापटीप संजना. कोण कुणाच्या वाटेत आहे हे कळायला संवादांची गरजच नाही. पुढे अरुंधती गाण्याकडे वळते, स्वतःच्या पायावर उभी राहते, तसा तिच्या साडीचाही थाट बदलतो. मला आवडलं ते हे की साडी सुटत नाही. बाई बदलली की तिला लगेच जीन्स चढवायची, हा मालिकांचा जुना आळस!

पदराकडेही बघत जा. खोचलेला पदर म्हणजे हातात काम. पिना लावून चापूनचोपून बसवलेला म्हणजे कुठेतरी निघालेली किंवा चारचौघांत जपून वावरणारी बाई.

पडद्यामागे व्यवहारही असतोच. बारीक रेघांचं कापड कॅमेऱ्यात लहरल्यासारखं दिसतं, म्हणून टाळतात. कडक रेशमाची सळसळ आणि बांगड्यांची किणकिण माइकमध्ये शिरते. शिवाय एकाच प्रसंगाचे तुकडे वेगवेगळ्या दिवशी शूट होतात, त्यामुळे टिकली, पिन, पदराच्या निऱ्या यांचे फोटो काढून ठेवावे लागतात. तरी कधीतरी दारातून आत येईपर्यंत कानातले बदलतात, आणि ते आपल्या आयांच्या नजरेतून काही सुटत नाही!

तुमच्या लक्षात राहिलेली मालिकेतली साडी कोणती?