कोविड ड्युटीनंतरचे मन

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, कोविडचा पहिला रुग्ण मार्च २०२० मध्ये आढळला. त्यानंतर सरकारी यंत्रणेचा मोठा भार शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाने, म्हणजे १९५६ पासून मराठवाड्याचा आधार असलेल्या ‘घाटी’ने वाहिला, आणि तिच्या जोडीला चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय ऊर्फ ‘मिनी घाटी’ आणि महापालिकेने मेल्ट्रॉनच्या इमारतीत उभारलेले कोविड रुग्णालय होते. तेथील खाटा आणि व्हेंटिलेटर रोज मोजले गेले. ते हाताळणाऱ्या माणसांच्या मनाची मोजदाद तितक्या तत्परतेने झाली नाही.

मोजदाद अशक्य होती असे नाही. साथीच्या अगदी आरंभी चीनमधील ३४ रुग्णालयांतील १२५७ डॉक्टर व परिचारिकांची पाहणी झाली, तेव्हा निम्म्यांत नैराश्याची, ४४.६ टक्क्यांत चिंताविकाराची आणि सुमारे एकतृतीयांशांत निद्रानाशाची लक्षणे दिसली. ही लक्षणे म्हणजे आजाराचे पक्के निदान नव्हे, हे खरे. पण धोक्याची सूचना म्हणून ती पुरेशी होती.

ताणाचा सर्वांत उघड भाग शारीरिक होता. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जाणाऱ्या या शहरात पीपीई किट चढवले की पाणी पिता येत नसे, लघवीला जाता येत नसे, गॉगलवर वाफ धरली तरी तो पुसता येत नसे. चेहरा झाकलेला असल्याने किटवर स्केचपेनने नाव लिहावे लागे. किट उतरवतानाचा क्षण संसर्गाच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा, आणि तो नेमका माणूस पुरता थकलेला असताना येई. घरी गेल्यावर वेगळ्या खोलीत झोपणे, लेकराला जवळ न घेणे, हे पुन्हा होतेच.

तथापि दमणूक आणि मनाची इजा यांत फरक केला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार ‘बर्नआउट’ हा आजार नसून कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम आहे : शक्ती संपणे, कामाविषयी तुटकपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. नैतिक इजा याहून खोल असते. योग्य काय ते ठाऊक असूनही साधनांअभावी ते करता येत नाही, तेव्हा ती होते. एप्रिल २०२१ मध्ये राज्यभर ऑक्सिजन आणि रेमडेसिव्हिरची चणचण असताना ‘खाट नाही’ हे वाक्य नातेवाइकांना सांगण्याचे काम बहुधा निवासी डॉक्टर, सिस्टर किंवा ब्रदर यांच्याच वाट्याला आले. तुटवडा त्यांनी निर्माण केला नव्हता, रोष मात्र त्यांच्यावर होता. देशात २२ मार्च २०२० रोजी त्यांच्यासाठी थाळ्या वाजल्या होत्या आणि बरोबर एका महिन्याने, २२ एप्रिलला, त्यांच्यावर हल्ला करणाऱ्यास तीन महिने ते पाच वर्षे कैदेची तरतूद असलेला वटहुकूम काढावा लागला, यावरून कौतुकाची खोली कळते.

रुग्णालयाबाहेर ही विसंगती आशा सेविकांच्या बाबतीत अधिक बोचरी झाली. सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन त्या घरोघरी फिरल्या, परंतु सरकारदरबारी त्या कर्मचारी नव्हेत, तर मोबदल्यावर काम करणाऱ्या स्वयंसेविका. अखेर १५ जून २०२१ पासून राज्यभरातील आशा संपावर गेल्या आणि मानधनात मासिक एक हजार रुपये वाढ व पाचशे रुपये कोविड भत्ता मान्य झाल्यावर संप मिटला. मानसिक आरोग्याच्या चर्चेत हा तपशील सहसा येत नाही. वस्तुतः वेळेवर मिळणारे मानधन, पक्की नेमणूक आणि माणसाला सोसेल असा ड्युटीचा तक्ता यांनी जो ताण हलका होतो, तो समुपदेशनाच्या एखाद्या सत्राने होत नाही.

अर्थात उपचार लागणारेही असतातच, आणि येथे मराठवाड्याची अडचण वेगळी आहे. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. त्यामुळे सरकारी उपचार हवे असलेल्या घाटीतल्या सिस्टरला किंवा कक्षसेवक मामांना जवळची वाट घाटीच्याच मनोविकृतीशास्त्र विभागाची, जिथे बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे राहताच ओळखीचे दहा चेहरे भेटतात. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही बोलता येते, हा त्यावरचा एक उतारा आहे, मात्र फोन करायला दोन ड्युट्यांच्या मध्ये सवड मिळाली पाहिजे.