सगळ्यांत पुढे पळणारा सोला

यवतमाळ जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या शेंगा भरल्या, की घरोघरी सोल्यांची आमटी होते. समजा, ही आमटी पाकिटात भरून मे महिन्यापर्यंत टिकवायची आहे. पाकिटात भरून मग तापवली, तर मधला भाग तापेपर्यंत कडेच्या सोल्यांचा लगदा होतो. त्यापेक्षा आमटी पंपाने लांब नळीतून वाहती ठेवून तापवावी, लगेच थंड करावी आणि निर्जंतुक पाकिटात भरावी. दुधाला हे सहज जमते. सोले आले, की अडचण सुरू होते.

खरा शत्रू आहे क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जिवाणू. बंद पाकिटात, हवेविना त्याचे बीजाणू रुजतात आणि प्राणघातक विष तयार होते. १२१ अंश सेल्सिअसला (म्हणजे नळीत दाब हवाच, प्रेशर कुकरप्रमाणे) ३ मिनिटांत एक लाख कोटी बीजाणूंपैकी जेमतेम एक वाचतो. १११ अंशांना त्याच कामाला ३० मिनिटे लागतात. आणि हे तापमान रश्शाचे नव्हे, सोल्याच्या गाभ्याचे हवे.

आता २० मीटर लांबीची नळी घ्या. सरासरी वेग सेकंदाला १० सेंटिमीटर, म्हणजे आमटी नळीत सरासरी २०० सेकंद राहते. ३ मिनिटे भरली! पण दाट द्रव संथ वाहतो, तेव्हा तो नळीच्या भिंतीपाशी जवळजवळ थांबतो आणि मधोमध सरासरीच्या दुप्पट वेगाने जातो. मधला सोला १०० सेकंदांतच बाहेर पडू शकतो. (पारदर्शक नळीतून खळीत कालवलेली मोहरी सोडून वर्गात हे दाखवता येईल.) शिवाय गाभा तापण्याचा वेळ आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सोल्याऐवजी तिप्पट जाडीची वांग्याची फोड असेल, तर नऊपट वेळ!

पोलादी नळीत पळत्या सोल्याच्या पोटात तापमापक कसा घालणार? म्हणून संगणकाची मदत घेतात. रश्शाचे हजारो काल्पनिक कप्पे करून क्षणाक्षणाला प्रत्येकाचा वेग आणि तापमान काढायचे, प्रत्येक सोल्याला न्यूटनचा दुसरा नियम लावायचा, टकरी मोजायच्या. रस्सा सोल्याला ढकलतो आणि सोला रश्शाला अडवतो, म्हणून दोन्ही गणिते एकदमच सोडवावी लागतात. त्यात रस्सा तापला की पातळ होतो, म्हणजे वेग पुन्हा बदलले. सर्वांत नाजूक जागा वेगळीच आहे: सोला रश्शाबरोबर त्याच वेगाने वाहत असेल, तर त्याला उष्णता कमी मिळते. म्हणजे सर्वांत घाईचा सोला सर्वांत कच्चाही राहू शकतो.

अशा गणितावर आंधळा विश्वास कोणी ठेवत नाही. कृत्रिम तुकड्यात चिमुकले चुंबक बसवून तो नळीत सोडतात आणि बाहेरच्या संवेदकांनी त्याचा प्रवासकाळ मोजतात. बर्मिंगहॅम विद्यापीठात किरणोत्सारी कणाचा मागही काढतात. तुकडे असलेल्या बटाट्याच्या सुपावरील अशा प्रक्रियेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हरकत नसल्याचे कळवले, ते १९९७ साली. दूध त्याच्या कितीतरी आधीपासून असे भरले जात होते.