पाचशे कुलपे, एक किल्ली

पेशीचा सारा कारभार निरोपांवर चालतो. हे निरोप पोचविणारी कायनेज नावाची विकरे एटीपी या रेणूतील फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनास जोडतात. मग ते प्रथिन कामास लागते किंवा थांबते. मनुष्यात अशी पाचशेंहून अधिक कायनेजे आहेत. त्यांतील एकाचे नेमके काम कोणते, हे आपण कसे ओळखावे?

त्याचे जनुकच काढून टाकले, तर पेशी मरते किंवा दुसरी वाट शोधते. औषधाने ते अडवावे, तर एटीपी बसण्याची खाच सर्वांची जवळजवळ सारखी. एकाबरोबर अनेक अडतात.

अमेरिकेत केव्हन शोकाट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ पासून निराळी युक्ती योजिली. त्यांनी कुलूपच बदलले! कोंबड्यांत कर्करोग उपजविणाऱ्या एका विषाणूच्या सार्क कायनेजात, ३३८ व्या स्थानीचे आयसोल्यूसीन हे मोठे ॲमिनो आम्ल काढून तेथे लहान ॲमिनो आम्ल बसविले. खाच रुंद झाली. मग त्याच खाचेत मावेल असा फुगीर रेणू घडविला. २००० साली यीस्टमध्येही ही युक्ती साधली.

खरी मौज पुढेच आहे. तेच औषध न बदललेल्या पेशींनाही देतात. तेथे काही घडले नाही आणि बदललेल्या पेशीत निरोप थांबला, तर तो परिणाम त्या एकाच विकराचा, असे आपण म्हणू शकतो. काही कायनेजे मात्र या बदलाने दुबळी होतात. म्हणून ती आधी पारखावी लागतात. शास्त्रात उत्तराइतकीच ही पारखही मोलाची असते.