पैलवानकी, खुराक आणि तालमीचा धंदा

गावजत्रेच्या निमित्ताने तांबड्या मातीच्या आखाड्यात इनामावर लावल्या जाणाऱ्या लढतींना मैदानी कुस्ती म्हणतात. खेळ म्हणून तिचे कौतुक पुष्कळ होते, पण उपजीविकेचे साधन म्हणून तिचा हिशेब क्वचितच मांडला जातो. बारामती–इंदापूर रस्त्यावरील अंथुर्णे आणि भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्याभोवतीची गावे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवतात. अशा बागायती गावातही पैलवान घडवायचा म्हटले की घरातले दूध डेअरीला घालायचे की मुलाला पाजायचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो.

तालमीचा दिवस पहाटे जोर-बैठकांनी सुरू होतो आणि लढती व मालिश होऊन संपतो. परंतु तालमीची खरी ओळख तिच्या मातीच्या वासात असते. चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबाचा रस, हळद आणि कापूर मुरवला जातो आणि ती माती रोज फावड्याने उकरून मऊ राखली जाते. त्यामुळे आंबूस, तेलकट आणि मधूनच कापराने तीव्र होणारा तो वास पैलवानाच्या अंगाला कायमचा चिकटतो. हौद्यात, म्हणजे या मातीच्या आखाड्यात, उतरणारे प्रत्येक पोर आधी फावडे मारायला शिकते, मग डाव. आणि ही माती राखण्याचे ज्ञान हेच पुढे निवृत्त पैलवानाचे भांडवल ठरते.

या पेशातील कमाई रेवडीवरच्या कुस्तीपासून सुरू होते, नारळावर जाते आणि नाव झाल्यावर हजारो-लाखोंच्या इनामापर्यंत पोहोचते. तुल्यबळ प्रतिस्पर्धी ठरवण्याला ‘जोड लावणे’ म्हणतात, आणि चांगली जोड मिळणे हे बळाइतकेच वस्तादाच्या, म्हणजे तालमीतील गुरूच्या, ओळखीवर अवलंबून असते. जत्रांचा हंगाम संपला की पावसाळ्यात मैदाने थांबतात. दूध, तूप आणि बदामाच्या थंडाईचा खुराक मात्र बाराही महिने चालू ठेवावा लागतो.

हा खुराक पूर्वी संस्थाने पुरवत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पैलवान पोसले, आणि 1912 मध्ये पूर्ण झालेले तिथले खासबाग मैदान त्याच आश्रयाची खूण आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूर दरबाराच्या मदतीने गेले. 1949 मध्ये संस्थान विलीन झाले आणि 1952 च्या हेलसिंकीसाठी त्यांना वर्गणी मागत फिरावे लागले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. कांस्यपदक घेऊन परतलेल्या खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवले आणि त्या उत्पन्नातून कर्ज फेडले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या मल्लाला 7,000 रुपयांसाठी स्वतःच मैदानाचा आयोजक व्हावे लागले, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. ती लाजेनेही सांगितली गेली पाहिजे.

आज राजाश्रयाची जागा सरकारी नोकरीने घेतली आहे. नरसिंग यादव, विजय चौधरी आणि राहुल आवारे हे मल्ल पोलीस उपअधीक्षक झाले, आणि 2025 मध्ये अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी झालेल्या पृथ्वीराज मोहोळ याला गदेसोबत थार गाडी मिळाली. पण हे शिखरावरच्यांचे भाग्य आहे. गुडघा किंवा खांदा गेलेल्या मधल्या फळीतील मल्लापुढे जमिनीची दलाली, पुढाऱ्याची सोबत किंवा तालीम असे मार्ग उरतात, आणि त्यांपैकी तालीम हाच त्याच्या विद्येला शोभणारा धंदा होय.

लातूर जिल्ह्यातून पुण्यात आलेले अर्जुन पुरस्कारप्राप्त काका पवार यांचे कात्रज येथील संकुल हे त्याचे ठळक उदाहरण आहे. जानेवारी 2020 च्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या अंतिम फेरीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके हे दोघेही त्यांचेच शिष्य होते. निवासी संकुलात मातीबरोबर मॅट लागते, खोल्या आणि खानावळ लागते, मुलांच्या शाळेची सोय पाहावी लागते. म्हणजे वस्तादाला व्यवस्थापकही व्हावे लागते. गावाकडे परतून हौदा बांधणाऱ्याला हे सारे उभारण्यासाठी आधी कर्ज काढावे लागते, आणि 7,000 रुपयांसाठी घर गहाण ठेवणारे खर्डेकर प्रत्येकाला लाभत नाहीत. उसाच्या पिकावर कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायट्या बारामती–इंदापूरच्या पट्ट्यात रुजलेल्या आहेत. तालमीकडेही त्यांनी त्याच नजरेने पाहावे, ही मागणी अवाजवी नाही.