परिचारिकांची नोंदणी कोणाच्या हितासाठी?
वृद्धांच्या शुश्रूषेसाठी घरी येणारी प्रत्येक स्त्री ‘नर्स’ म्हणवली जाते. ती नोंदणीकृत परिचारिका असतेच असे नाही. इंजेक्शनची मात्रा चुकली, तर रुग्णाला ते उमगत नाही. परवान्याची अट आली ती यासाठीच. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली, नोंदणी मात्र राज्य परिषदांकडेच राहिली. त्यामुळे बेळगावहून गोव्यात रुजू होणाऱ्या परिचारिकेला पुन्हा नोंदणीचे सोपस्कार करावे लागतात. शिक्षण तेच, हात तेच. यात रुग्णाचे कोणते हित? २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्यात ऑनलाइन राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. तूर्त घरी परिचारिका ठेवणाऱ्यांनी तिचा राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक आधी मागून घेणे इष्ट.